कळफलक मुका होतो तेव्हां

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांत केनवड नांवाचें गांव आहे. सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या या भागांतील एखाद्या गांवच्या कचेरींत सकाळीं अकराच्या सुमारास काय दृश्य दिसत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. टेबलावर संगणक आहे, त्याच्यापुढें परिचालक बसला आहे, आणि बाकावर चार-सहा माणसें आपापले कागद हातांत धरून वाट पाहात आहेत. कोणाला रहिवासाचा दाखला हवा आहे, कोणाला घरपट्टीची पावती हवी आहे, आणि एक जण मुलाच्या जन्माची नोंद करावयास आला आहे. मूल जन्मल्याला आज एकवीस दिवस झाले. परिचालक कळ दाबतो. पडद्यावर अक्षर उमटत नाहीं. दुसरी दाबतो, तिसरी दाबतो. पडदा तसाच कोरा. मग कळा जोरानें आपटल्या जातात, यंत्राला दोन थापा बसतात, आणि शेवटीं तें ठरलेलें वाक्य ऐकूं येतें : "मशीन बंद आहे, उद्यां या."

हें "उद्यां या" ऐकणाऱ्याला फुकट पडत नाहीं. जन्म व मृत्यु यांच्या नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. त्याप्रमाणें जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आंत निबंधकाकडे पोंचली पाहिजे. एकविसाव्या दिवसानंतर तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरावें लागतें. त्याहून उशीर झाल्यास वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळवावी लागते. शिवाय या कायद्याची जी दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ रोजीं अंमलांत आली, तिच्यामुळें त्या दिवशीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतींत शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट, वाहन चालविण्याचा परवाना अशा अनेक ठिकाणीं जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. दोन-तीनशें रुपयांचा एक कळफलक मुका झाला म्हणून एखाद्या घराला रोजगार बुडवून पुन्हां पुन्हां खेटे घालावे लागावेत, ही गोष्ट बरी नव्हे.

म्हणून कळफलक बंद पडला असतां पहिलें काम यंत्राचें नसून माणसाचें आहे. खबर तोंडी किंवा लेखी देण्याची मुभा कायद्यानें ठेविलेली आहे. विजेवर चालणारी कळ मुकी झाली तरी लेखणी मुकी होत नाहीं. आलेल्या माणसाचा अर्ज कागदावर घ्यावा, त्यावर त्याच दिवसाची तारीख घालावी, सही करून पोंच द्यावी, आणि मगच यंत्राकडे वळावें. त्याचा दिवस वांचला म्हणजे परिचालकाचें मनहि स्वस्थ होतें. आणि बिघाड शोधण्याला स्वस्थ मन हें सर्वांत उपयोगी हत्यार आहे.

जुन्या काळीं हें काम सोपें होतें. अमेरिकेंत शोल्स नांवाच्या गृहस्थानें १८६८ सालीं आपल्या सोबत्यांसह लेखनयंत्राचा हक्क नोंदविला, आणि १८७४ च्या सुमारास रेमिंग्टनच्या कारखान्यांतून तें यंत्र बाजारांत आलें. आपल्याकडे १९५५ सालीं गोदरेजनें भारतीय बनावटीचें टंकलेखनयंत्र तयार केलें. पुढें कितीतरी वर्षें कचेऱ्यांतून त्यांचाच खडखडाट चालू होता. त्या यंत्रांत कळ, दांडी आणि अक्षराचा ठसा यांचा संबंध डोळ्यांना दिसे. दोन दांड्या एकमेकींत अडकल्या तर कारकून बोटानें त्या सोडवी आणि पुढचें वाक्य लिहूं लागे. संगणकाच्या कळफलकांत मात्र कळ आणि अक्षर यांच्यामध्यें पांच-सहा अदृश्य पायऱ्या आहेत. या पायऱ्या कोणत्या, हें एकदां ध्यानांत आलें कीं बिघाड कोठें आहे तें पायरी पायरीनें शोधतां येतें.

कचेरींतील साध्या कळफलकाच्या पोटांत प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे एकावर एक ठेवलेले असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा ओढलेल्या असतात. मधला पापुद्रा त्या दोहोंना एकमेकांपासून दूर ठेवतो. मात्र प्रत्येक कळेखालीं त्याला एक भोंक असतें. कळेच्या खालीं रबराची लहानशी टोपी असते. कळ दाबली कीं टोपी दबते, वरची रेघ भोंकांतून खालच्या रेघेला टेकते, आणि बोट उचलतांच टोपी कळेला पुन्हां वर लोटते. कळफलकावर शंभराहून अधिक कळा असल्या तरी प्रत्येकीला स्वतंत्र तार नसते. शेतांत उभे आणि आडवे तास घालावेत त्याप्रमाणें कांहीं रेघा उभ्या व कांहीं आडव्या असतात, आणि प्रत्येक कळ अशा दोन रेघांच्या चौफुलीवर बसलेली असते. आंत बसविलेली एक बारीकशी चकती या रेघा क्षणोक्षणीं तपासून कोणती चौफुली जुळली तें ओळखते.

यापुढची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कळफलक संगणकाला अक्षर पाठवीत नाहीं. तो केवळ कळेचा क्रमांक पाठवितो. त्या क्रमांकाचें अक्षर कोणतें करावयाचें, हें संगणक ठरवितो. म्हणूनच तीच कळ इंग्रजींत 'जे' उमटविते आणि मराठींत 'र' उमटविते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं भारतीय लिप्यांसाठीं 'इनस्क्रिप्ट' नांवाची कळरचना ठरविली. तिच्यांत स्वर व त्यांच्या खुणा डाव्या हाताखालीं आणि बहुतेक व्यंजनें उजव्या हाताखालीं येतात. याचा अर्थ असा कीं, अक्षर चुकीचें उमटलें तर दोष कळफलकाचा असण्यापेक्षां संगणकाच्या समजुतीचा असण्याचा संभव अधिक. अक्षर मुळींच उमटलें नाहीं तर दोष कोठेंहि असूं शकतो.

मग तो शोधावा कसा? या शोधाचे दोन नियम आहेत. पहिला नियम असा कीं, जें सोपें, बिनखर्चाचें आणि पुन्हां पूर्ववत् करतां येण्याजोगें, तें आधीं करावें. दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम केल्या आणि यंत्र चालूं लागलें, तर काम होतें; पण कारण कळत नाहीं, आणि तोच बिघाड आठ दिवसांनीं पुन्हां दारांत उभा राहतो.

सर्वांत आधीं माऊस हलवून पाहावा. पडद्यावरचा बाण हलत नसेल आणि कोपऱ्यांतील घड्याळहि थबकलें असेल, तर कळफलक निर्दोष असून संगणकच गोठला आहे असें समजावें. बाण हलत असेल तर ज्या चौकटींत लिहावयाचें तिच्यावर माऊसनें एकदां टिचकी द्यावी. पुष्कळदां बिघाड कांहींच नसतो. लिहिण्याची उभी रेघ त्या चौकटींत नसते, एवढेंच. सरकारी संकेतस्थळांवर कांहीं चौकटी मुद्दाम बंद ठेविलेल्या असतात. तेथें कितीहि कळा दाबल्या तरी अक्षर उमटावयाचें नाहीं. याची खात्री करण्यासाठीं नोटपॅड उघडावें आणि तेथें लिहून पाहावें. तेथें अक्षर उमटलें तर कळफलकाला दोष देण्याचें कारण नाहीं.

तेथेंहि उमटलें नाहीं, तर कॅप्स लॉकची कळ दाबून तिच्या दिव्याकडे पाहावें. हा दिवा लहान असला तरी त्याची साक्ष मोठी आहे. कळ दाबली म्हणून तो आपोआप पेटत नाहीं. कळफलक संगणकाला कळेचा क्रमांक कळवितो, आणि संगणक उलट हुकूम देतो कीं दिवा लाव. तेव्हां तो लागतो. म्हणजे कळ दाबतांच दिवा लागत-विझत असेल तर कळफलक, त्याची वायर, प्लग आणि संगणक यांचें बोलणें दोन्ही बाजूंनीं सुरळीत चालू आहे. अशा वेळीं वायर काढणें, प्लग बदलणें किंवा नवा कळफलक विकत आणणें हा सारा व्यर्थ खटाटोप होय. दिवा ढिम्म राहिला तर मात्र त्या बोलण्यांतच खंड पडला आहे. या एका परीक्षेनें शोधाचें क्षेत्र निम्म्यावर येतें.

दिवा लागतो पण अक्षर उमटत नाहीं, तेव्हां दोष संगणकाच्या मांडणींत शोधावा. येथें कचेऱ्यांतील एक जुनी संवय आडवी येते. टेबलावर जागा नसते म्हणून जाडजूड रजिस्टर उघडून कळफलकावर ठेविलें जातें. त्याच्या भारानें उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दबून राहिली, कीं विंडोज आपलें 'फिल्टर कीज' नांवाचें साधन सुरू करूं पाहतें. पडद्यावर प्रश्न येतो, आणि तो न वाचतांच घाईनें "होय" म्हटलें जातें. हें साधन मुळांत ज्यांचा हात कांपतो त्यांच्या सोयीसाठीं केलेलें आहे. तें चालू असतां क्षणभर दाबलेली कळ मोजली जात नाहीं, ती कांहीं वेळ दाबून धरावी लागते. भरभर लिहिणाऱ्याला मग कळफलक मेला असेंच वाटतें. म्हणून एखादी कळ दोन-तीन सेकंद दाबून धरावी. तेवढ्यानें अक्षर उमटलें तर हेंच कारण समजावें आणि उजवी शिफ्ट पुन्हां आठ सेकंद दाबून, किंवा सेटिंग्जमधील अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या पानावर माऊसनें जाऊन, तें साधन बंद करावें.

दुसरी फसगत आंकड्यांची होते. आधार क्रमांक लिहितांना उजवीकडचे आंकडे उमटत नाहींत आणि उभी रेघ भलतीकडेच पळूं लागते. अशा वेळीं नम लॉकची कळ एकदां दाबली कीं काम भागतें. तिसरी फसगत भाषेची. सांकेतिक शब्द इंग्रजींत आहे आणि कळफलक मराठीवर आहे. ठिपके तर दिसतात, पण संगणक दार उघडीत नाहीं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत भाषेची खूण असते ती पाहावी. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसची कळ दाबली असतां भाषा पालटते.

आतां दिवा लागत नाहीं अशा कळफलकाकडे वळावें. त्याला संगणकाशीं जोडणाऱ्या वायरींत साधारणतः चार तारा असतात. दोन पांच व्होल्टची वीज आणतात आणि दोन निरोप नेतात. ही जोडणी म्हणजे यूएसबी. ती १९९६ सालीं प्रचारांत आली. प्लग काढून, दहा सेकंद थांबून, तो पुन्हां बसवावा; शक्य तर संगणकाच्या मागच्या बाजूच्या दुसऱ्या खांचेंत बसवावा, मध्यें कोणताहि फांटा ठेवूं नये. वायर जेथें प्लगपाशीं आणि कळफलकापाशीं वळते तेथें ती तुटण्याचा संभव फार. खेड्यांत उंदरांनीं कुरतडलेली वायरहि नवलाची नाहीं. जुन्या यंत्रांवर १९८७ पासून चालत आलेला गोल, जांभळा प्लग अजून आढळतो. त्याच्याबाबत एक सावधगिरी अवश्य पाळावी : संगणक बंद केल्याशिवाय तो काढूं वा घालूं नये. चालू यंत्रांत तो ओळखला जात नाहीं, आणि प्रसंगीं आंतील भागाला इजाहि पोंचते. त्याच्या सुया बारीक असतात; प्लग वांकडा रेटला तर त्या दुमडतात.

प्लग बदलूनहि गुण आला नाहीं, तर शेजारच्या टेबलावरचा चालू कळफलक आणून या संगणकाला लावावा, आणि संशयित कळफलक शेजारच्या संगणकाला लावावा. या अदलाबदलींत निकाल चोख लागतो. आणलेला येथें चालला आणि नेलेला तेथेंहि मुकाच राहिला, तर कळफलक गेला. आणलेला येथें मुका झाला आणि नेलेला तेथें बोलूं लागला, तर कळफलक निर्दोष असून दोष या संगणकाचा आहे. दोन्ही दोन्हीकडे चालूं लागले, तर प्लगच नीट बसलेला नव्हता. आणि दोन्ही मुके राहिले तर घाई न करतां एकेक जोडणी पुन्हां पाहावी, कारण दोन बिघाड एकाच वेळीं होणें विरळा.

दोष संगणकाचा ठरला म्हणजे त्याला एकदां खरोखर विसांवा द्यावा. येथें पुष्कळांची समजूत चुकते. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'शट डाऊन' केलेला संगणक पुष्कळदां पुरता झोपत नाहीं. लवकर जागें होतां यावें म्हणून तो आपल्या अंतरंगाचा कांहीं भाग जपून ठेवतो, आणि त्याबरोबर बिघाडहि जपला जातो. 'रीस्टार्ट' केल्यानें मात्र तो नव्यानें आरंभ करतो. एवढ्यानें न भागल्यास संगणक बंद करून भिंतीवरील बटण बंद करावें, वायर काढावी, संगणकाचें बटण काहीं सेकंद दाबून धरावें, आणि मग सर्व पुन्हां जोडावें. वीज एकाएकीं जाऊन एकाएकीं आल्यानंतर, किंवा खांचेंत क्षणभर जास्त वीज खेचली गेल्यानंतर, जी खांच स्वतःला बंद करून घेते, ती अशा विसांव्यानें पुष्कळदां मोकळी होते. त्यानंतरहि फरक नसेल तर संगणक सुरू होतांच एफ-२ किंवा डिलीटची कळ दाबून पाहावी; कोणती, तें यंत्रागणिक बदलतें. त्या आरंभींच्या पडद्यावर कळा चालत असतील आणि विंडोज उघडल्यावर मुक्या होत असतील, तर विंडोजमधील चालक-प्रणाली बिघडली आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्यें माऊसनें जाऊन कळफलकाची नोंद काढून टाकावी आणि संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज ती नोंद पुन्हां आपण होऊन करतें.

हें सर्व होईपर्यंत बाकावरच्या माणसांनीं बसून राहावें काय? तसें कारण नाहीं. विंडोजमध्यें पडद्यावरचा कळफलक असतो. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या पानावर, आणि सांकेतिक शब्द विचारणाऱ्या पहिल्या पडद्यावरहि कोपऱ्यांतील खुणेखालीं, तो माऊसनें उघडतां येतो. एकेक अक्षरावर टिचकी देत लिहिणें संथ असलें तरी एक अर्ज पुरा करण्यास तेवढें पुरतें.

येथवर सर्वच कळा मुक्या झाल्याचा विचार झाला. परंतु त्याहून घातक प्रकार म्हणजे एखादीच कळ मुकी होणें. कारण पूर्ण बंद पडलेलें यंत्र निदान फसवीत तरी नाहीं. इनस्क्रिप्टच्या रचनेंत इंग्रजी 'एस' च्या कळेवर एकाराची मात्रा आहे. ती कळ गेली तर 'केनवड' लिहूं जातां 'कनवड' उमटतें. 'डी' च्या कळेवर व्यंजनांचा पाय मोडणारी खूण आहे. ती गेली तर एकहि जोडाक्षर होत नाहीं. 'प्रकाश' चा 'परकाश' होतो. लिहिणारा बोटांच्या संवयीनें लिहीत जातो, पडद्याकडे त्याचें लक्ष नसतें, आणि बापाचें चुकलेलें नांव मुलाच्या दाखल्यावर कायम होतें. पुढें पंधरा वर्षांनीं शाळेचा दाखला एक नांव सांगतो आणि जन्माचा दाखला दुसरें.

कोणत्या कळा गेल्या यावरून कारण ताडतां येतें. एकमेकींपासून लांब असलेल्या, पण नेमानें त्याच चार-सहा कळा एकदम गेल्या, तर त्या सर्वांची सामाईक रेघ पापुद्र्यावर कोठेंतरी तुटली आहे. तिची दुरुस्ती कचेरींत होत नाहीं. एकच कळ अडखळत असेल तर तिच्याखालीं धूळ, भाकरीचा कण किंवा कागदाचा तुकडा असावा. कळफलक सोडवून, पालथा धरून, हलके झटकावा. मऊ कुंचल्यानें कडा साफ कराव्या. एकाच भागांतील शेजारशेजारच्या कळा चिकटूं लागल्या तर बहुधा त्यावर चहा सांडला आहे. चहा सांडतांच पहिल्या क्षणीं प्लग काढावा, कळफलक पालथा करावा, आणि निदान एक दिवस तसाच सांवलींत वाळूं द्यावा. पाणी सुकून जातें, पण साखर आणि दूध मागें राहतात. साखर कळा चिकटविते आणि मुंग्यांना बोलावते, आणि ओल शाईच्या रेघा खाऊन टाकते. कडक उन्हांत किंवा गरम हवेच्या यंत्रापुढें धरल्यास पापुद्रे वांकडे होतात, म्हणून तो मोह टाळावा.

तात्पर्य, ज्या कचेरींत दहा माणसांचें काम एका संगणकावर अवलंबून आहे तेथें कपाटांत एक शिलकी कळफलक असावा, रजिस्टराला आणि चहाच्या कपाला वेगळी जागा असावी, आणि विजेच्या जोडणीला भूमीची तार खरोखर जोडलेली असावी. झालेला बिघाड, त्याचें कारण आणि उपाय हीं एका वहींत तारखेसह लिहून ठेवावीं. परिचालक बदलला तरी ती वही कचेरींतच राहते.

आणि कळफलक पुन्हां बोलूं लागला म्हणजे काम संपलें असें मानूं नये. बिघाडाच्या दिवशीं झालेल्या सर्व नोंदी उघडून पुन्हां वाचाव्या. एकविसाव्या दिवशीं आलेल्या त्या बापाला समोर बसवून, मुलाची जन्मतारीख, आईचें नांव, बापाचें नांव आणि गांवाचें नांव मोठ्यानें वाचून दाखवावें. त्यानें होकार दिल्यावरच शेवटची टिचकी द्यावी. कळफलक ठीक चालतो कीं नाहीं याची सर्वांत खात्रीची परीक्षा तीच आहे.